आमची वाटचाल : फर्निचरच्या ड्रॉइंगचा धंदा

पुण्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं आजचं मुख्य काम म्हणजे फर्निचरची ड्रॉइंग करून देणं. कपाट, पलंग, अभ्यासाचं टेबल, बुकशेल्फ, देवघर, डायनिंग टेबल. गिऱ्हाइकं दोन प्रकारची. काही जण हौसेने स्वतः सुतारकाम करतात, तर काहींनी मिस्त्री लावलेला असतो, पण काय व्हायचंय ते त्यांना कागदावर हवं असतं. सुरुवात वर्कशॉपमधून झाली. तिथे आमच्याच मिस्त्रींसाठी ड्रॉइंग व्हायची. फर्निचर बघायला आलेली माणसं तीच मागायला लागली, आणि हळूहळू कागदाची मागणी लाकडापेक्षा वाढली.

पण वर्कशॉपचा कागद उचलून बाहेर देता येत नाही. मुरलेल्या मिस्त्रीला ‘सात फूट उंच, तीन फूट रुंद, खाली दोन खण, वर हँगर’ एवढं पुरतं. प्लायची खरी जाडी, सनमायका, बिजागरी, चॅनल (खण ज्यावर सरकतो ती पट्टी) हे सगळं तो मनातल्या मनात वजा करत जातो. नवख्या माणसाला ते वजा करून द्यावं लागतं. गेल्या काही वर्षांत आम्ही जे केलं ते हेच : मिस्त्रीच्या डोक्यातला हिशेब एकेक करून कागदावर उतरवला.

सुरुवात प्लायच्या शीटपासून. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० × १२२० मिमी. कपाटाची खोली सगळेजण सवयीने दोन फूट सांगतात. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. शीटच्या रुंदीत अशा दोन पट्ट्या काढायच्या तर १२१९.२ मिमी लागतात, आणि मधल्या कापात पात्याचे ३ मिमी जातात. बेरीज १२२२.२. शीट १२२०. म्हणजे दुसरी पट्टी कमी भरते, ती साइडला, म्हणजे कपाटाच्या उभ्या बाजूला, चालत नाही, फळ्यांकडे वळवावी लागते आणि हिशेबात नसलेली एक शीट वाढते. शिवाय शीटच्या कडा वाहतुकीत ठेचलेल्या असतात, त्या दोन्ही बाजूंनी चार-पाच मिमी काढाव्याच लागतात. म्हणून आमच्या कपाटाच्या बॉक्सची, म्हणजे दारं सोडून उरणाऱ्या खोक्याची, खोली ५९५ मिमी असते. ५९५ अधिक ५९५ अधिक ३ म्हणजे ११९३, आणि कडा साफ करायला २७ मिमी हातात राहतात. आत साधारण ५७० मिमी मिळतात. हँगर आडवा बसायला ५५० पुरतात.

उंचीचा प्रश्न वेगळाच. फॉल्स सीलिंगपर्यंत कपाट हवं असं म्हणणारे २४०० मिमी उंची सांगतात. बॉक्स जमिनीवर आडवा ठेवून जोडला आणि मग उभा केला, तर त्याचा कर्ण आधी छताला लागतो. २४०० उंच आणि ६०० खोल बॉक्सचा कर्ण २४७४ मिमी भरतो. छत २४५० वर असेल तर कपाट उभंच राहत नाही, खोलीत तिरकं अडकून बसतं. अशा वेळी आम्ही २१०० चा खालचा बॉक्स आणि वरचा लॉफ्ट वेगळा काढतो. २१०० ची साइड काढल्यावर शीटमध्ये जे ३४० मिमी उरतात, त्यात खालची स्कर्टिंग (जमिनीलगतची पट्टी) आणि खणाच्या बाजू निघतात. म्हणजे वेगळा लॉफ्ट केल्याने माल वाया जात नाही.

आता जाडी. धंद्यात सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुकानात ‘अठरा एमएम’ म्हणून मिळणारा प्लाय कॅलिपरने मोजला की बऱ्याचदा १७.३ ते १७.६ भरतो. त्यावर बाहेरून १ मिमी सनमायका, आतून ०.८ मिमीचा लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ थर. १७.५ धरला तर तयार साइड १९.३ मिमी होते. तीन खणांचा, ४५० मिमी रुंद साइड युनिट घ्या. कागदी हिशेबाने आतली रुंदी ४५० वजा ३६, म्हणजे ४१४. प्रत्यक्षात ४५० वजा ३८.६, म्हणजे ४११.४. फरक अडीच मिमीचा, पण खणाला तो झेपत नाही. टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला १२.७ मिमी जागा घेतं, दोन्ही मिळून २५.४, आणि थोडी ढिलाई धरून आम्ही २६ वजा करतो. खरं माप ३८५ निघतं. कागदी हिशेबाने ३८८ चा खण केला तर तो चॅनलसकट ४१३.४ होतो आणि ४११.४ च्या जागेत जातच नाही. जबरदस्तीने घातला तर चॅनलमधल्या गोळ्या घासतात, खण अर्ध्यावर अडतो, आणि थोड्याच दिवसांत चॅनल खराब निघालं अशी तक्रार येते. चॅनलचा त्यात काही दोष नसतो.

खणाच्या बाजू १२ मिमी प्लायच्या असतील तर पुढची-मागची पट्टी ३८५ वजा २४, म्हणजे ३६१ मिमी. इथेही १२ चा प्लाय ११.६ भरला तर पट्टी ३६१.८ होते. म्हणून आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर वरच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात : ‘जाड प्लाय मोजून’ आणि ‘पातळ प्लाय मोजून’. गिऱ्हाइकाने माल आणल्यावर चार कोपऱ्यांत जाडी मोजून कळवायची. त्या आकड्यांवर आम्ही कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, पुन्हा काढून देतो. माल येण्याआधी काप मारू नका, असं आम्ही ठळक अक्षरात छापतो.

मापं आम्ही फक्त मिलिमीटरमध्ये देतो. याला मिस्त्रींचा विरोध असतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण त्यांचा हात इंच-सुतावर बसलेला असतो. पण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. वरचा ३८५ चा खण सुतात सांगायचा तर १५ इंच सव्वा सूत. पाव सूत कोणी पेन्सिलीने मारत नाही, एक किंवा दीड सूत धरलं जातं, आणि तिथेच चॅनलची ढिलाई संपते. टेपवर दोन्ही मापं असतात. एक काम मिमीत केलं की बहुतेक मिस्त्री स्वतःहून तेच मागतात.

दारांचा हिशेब सोपा, पण विसरण्याजोगा. ९०० मिमी रुंद बॉक्सवर दोन दारं असतील तर बाहेरून दोन्हीकडे २ मिमी आणि मध्ये ३ मिमी फट सोडायची. उरतात ८९३, एक दार ४४६.५. हे तयार माप झालं. दोन्ही कडांना २ मिमीचा एज बँड (कापलेली कड झाकणारी पट्टी) लावायचा असेल तर कापायचं माप ४४२.५. कटिंग लिस्टमध्ये तयार माप आणि कापायचं माप वेगळ्या रकान्यात नसेल, तर कापणारा हमखास तयार मापावर कापतो आणि दारं मध्ये एकमेकांवर आपटतात.

बिजागरीचं भोक ३५ मिमी व्यासाचं, मध्य कडेपासून २२.५ मिमीवर, खोली १२ मिमी. नऊशे मिमी उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, सोळाशेपर्यंत तीन, दोन हजारपर्यंत चार. तीन दारांच्या कपाटाला मात्र सरसकट एकाच प्रकारच्या बिजागऱ्या आणून चालत नाही. टोकाच्या साइडवर येणाऱ्या दारांना झिरो क्रँक, म्हणजे सरळ हाताची बिजागरी, लागते. मधल्या पार्टिशनवर दोन दारं अर्धी-अर्धी बसतात, तिथलं दार एट क्रँकवर, म्हणजे थोड्या वाकलेल्या हाताच्या बिजागरीवर, लावावं लागतं. दोन हजार उंचीच्या तीन दारांना एकूण बारा, त्यांतल्या आठ झिरो आणि चार एट. हार्डवेअरच्या यादीत आम्ही असा फोडून आकडा देतो. ‘बिजागरी १२ नग’ एवढंच लिहिलं तर दुकानदार बारा झिरो देतो.

पुढे परदेशी प्लॅन घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली. अमेरिकन प्लॅन सुबक असतात, पायऱ्या नीट समजावलेल्या असतात, आणि आम्ही त्यांच्याकडून मांडणी शिकलो. पण २५.४ ने गुणून ते इथे चालत नाहीत. त्यांचं ‘टू बाय फोर’ लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ × ८९ मिमी असतं. पाऊण इंची प्लाय बऱ्याचदा २३/३२ इंच, म्हणजे १८.३ मिमी. त्यांची क्वीन गादी ६० × ८० इंच, आपल्याकडे ती ६० × ७८ मिळते. किंग ७६ × ८०, आपल्याकडे ७२ × ७८. त्यांच्या प्लॅनवर पलंग केला तर आपली किंग गादी चार इंच रुंदीत पोहते. स्वयंपाकघराचा ओटा त्यांच्याकडे ३६ इंच उंच, आपल्याकडे ३२ ते ३४. शिवाय तिथली बरीच कामं मऊ पाइनला तिरकं भोक पाडून स्क्रूने जोडलेली असतात. सागाला तीच जोडणी करायची तर आधी पायलट भोक (स्क्रूसाठी बारीक भोक) हवं, नाहीतर टोकाशी लाकूड चिरतं. अशा प्लॅनमधून आम्ही बाहेरचा आकार आणि प्रमाण तेवढं ठेवतो आणि आतलं सगळं इथल्या प्लाय, चॅनल, गादीवरून नव्याने काढतो.

भरीव लाकडाचं काम आमच्याकडे उशिरा आलं, आणि त्यासाठी ड्रॉइंगची पद्धतच बदलावी लागली. प्लाय जागेवर राहतो. सागवान, मग ते बल्लारपूरच्या डेपोतलं का असेना, पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लांबीला जवळजवळ काहीच हलत नाही. ९०० मिमी रुंद, उभ्या फळ्या जोडलेला टेबलटॉप घेतला आणि लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर सहा-सात मिमीची हालचाल होते. कोकणातल्या घरात हे दरवर्षी घडणार. असा टॉप खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रू मारून घट्ट बांधला तर फळ्यांचा जोड उघडतो किंवा फळी मधून तडकते. म्हणून आमच्या टेबलच्या ड्रॉइंगमध्ये पक्के स्क्रू फक्त मधल्या आडव्या पट्टीवर असतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं काढायची, आणि स्क्रूखाली वॉशर घालायचा. भोकाची दिशा चुकून लांबीकडे झाली तर त्याचा काही उपयोग नाही.

साग घनफुटावर विकला जातो, तर यादीत आकडा घनफुटातच हवा. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. पाच फूट लांब, ३६ इंच रुंद, एक इंची कच्ची फळी धरली तर १.२५ घनफूट. गाठी, पांढरं लाकूड आणि कापाकापीसाठी तीस टक्के वाढवले की १.६ च्या आसपास. एक इंची कच्ची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर २० ते २१ मिमी उरते. ड्रॉइंगमध्ये टॉप २५ मिमी दाखवला असेल तर दीड इंची माल घ्यावा लागेल आणि बिल दीडपट होईल. ज्यांचं बजेट आखडतं आहे त्यांना आम्ही २० मिमीचा टॉप आणि खालून कडेला जाड पट्टी असं सुचवतो. समोरून तो तितकाच भारदस्त दिसतो.

बुकशेल्फचं एकच सांगतो. पुस्तकं एका मीटरला २५ ते ३० किलो भरतात. फळी ६०० वरून ९०० मिमी लांब केली की वाक दीडपट होत नाही, पाचपट होतो. १८ मिमी प्लायला आम्ही ७०० च्या पुढे आधार नसलेली फळी देत नाही. त्याहून लांब हवीच असेल तर पुढच्या कडेखाली ४० मिमी उंच सागाची पट्टी.

खुर्चीच्या मागच्या पायासारख्या वळणदार भागांची आम्ही मूळ आकाराची टेम्प्लेट देतो, ए-फोरच्या पानांवर, जोडून चिकटवायची. प्रिंट काढणारा बहुतेक वेळा ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरूच ठेवतो आणि आकार तीन-चार टक्के लहान होतो. पाय जरा आखूड वाटतो खरा, पण गडबड कळते ती सांधा जुळवताना. म्हणून प्रत्येक पानावर १०० मिमीची एक रेघ असते. पट्टीने मोजायची. ९७ आली तर ती पानं बाजूला ठेवून पुन्हा प्रिंट काढायची.

कुणाचंही ड्रॉइंग विकत घेताना, आमचं असो वा दुसऱ्याचं, हातात आल्यावर दहा मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसा. तळाची फळी अधिक दोन साइडची जाडी ही बाहेरच्या रुंदीएवढी येते का ते पाहा. आतली रुंदी वजा खणाची रुंदी २६ च्या आसपास आहे का? प्रत्येक तुकड्याला सनमायकाच्या रेषांची दिशा दिली आहे का? आमच्या यादीत पहिला आकडा नेहमी रेषेच्या दिशेचा असतो, मग तो दुसऱ्यापेक्षा लहान का असेना. हे ठरलेलं नसेल तर तीन खणांपैकी एकाच्या रेषा आडव्या येतात आणि ते रोज डोळ्यांत खुपतं.

झोपाळ्याची मागणी खूप आहे. फळी, कड्या आणि साखळ्यांच्या लांबीचं ड्रॉइंग आम्ही देतो. वरच्या हुकचं देत नाही. हुक स्लॅब ओततानाच सळईला धरून टाकलेला असतो की नंतर अँकर मारायचा आहे, आणि त्या ठिकाणी स्लॅब किती जाड आहे, हे जागेवर जाऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचं. आमच्या कागदावर तिथे फक्त दोन हुकांमधलं अंतर असतं आणि शेजारी इंजिनिअरच्या सहीसाठी रिकामी चौकट.