४९६ अपडेट: उजव्या बँकेचे पिस्टन दहा थाऊ खोल

मंडळी, माझ्या शव्हेल गाडीसाठी ४९६ घनइंचांचं शेव्ही बिग ब्लॉक व्ही-८ इंजिन बांधतोय, त्याच्या पूर्ण झालेल्या शॉर्ट ब्लॉकचा (हेड्स न चढवलेलं खालचं इंजिन) यावेळी फोटो टाकणार होतो, तो काही येत नाही. मॉकअपला, म्हणजे तात्पुरत्या जुळणीत, डेक (हेड बसतं तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) मोजला आणि सगळं तिथेच अडकलंय.

आधी चांगलं सांगून टाकतो. क्रँक बसली, एका बोटाने फिरते. पाचही मेन बेअरिंगचा क्लिअरन्स २.७ ते २.९ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), डायल बोअर गेजने मोजलेला (प्लास्टिगेजवर, म्हणजे चेपून फट मोजायच्या त्या प्लास्टिकच्या धाग्यावर, ज्यांचा विश्वास आहे त्यांना नमस्कार, माझा नाही). वरच्या रिंगचा गॅप २० थाऊ, हाताने फिरवायच्या फायलरवर केला. ते स्वस्तातलं इलेक्ट्रिक फायलर घेऊ नका, जरा दाबलं की चार-पाच थाऊ गिळतं. आणि ४.२५० इंच स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट बोअरच्या खालच्या कडेला लागतील असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, तसे दोन ठिकाणी लागतच होते, तिथे ग्राइंड केलंय, आता ६० थाऊची फट आहे.

आता रडगाणं. अर्धा स्ट्रोक २.१२५, रॉड ६.३८५, पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट (पिनपासून माथ्यापर्यंत) १.२७०, बेरीज ९.७८०. मार्क फोरचा (शेव्ही बिग ब्लॉकची जुनी पिढी) फॅक्टरी डेक क्रँकच्या सेंटरलाइनपासून ९.८००. म्हणजे पिस्टन २० थाऊ खोल, त्यावर नेहमीचं ३९ चं गॅस्केट, क्वेंच (पिस्टन वर असताना त्याच्या आणि हेडच्या सपाट भागातली फट) गेला ५९ वर. पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चालवायची गाडी आहे, एवढा ढिला क्वेंच ठेवून डेटोनेशनला (इंधन अवेळी भडकून ठोके बसण्याला) आमंत्रण कशाला द्यायचं, म्हणून दोन्ही बँका (सिलिंडरच्या रांगा) ९.७८० ला आणा असं मशीन शॉपला कागदावर लिहून दिलं होतं. शॉपचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

डायल इंडिकेटर ब्रिजवर लावून, पिस्टन हलून रीडिंग बिघडू नये म्हणून बरोबर पिनच्या रेषेवर ठेवून चारही कोपरे मोजले. डावीकडे एक नंबर: २ थाऊ खोल. सात: ३. उजवीकडे दोन नंबर: ११. आठ: १३! परत झीरो केलं, परत तेच.

कोल्हापूरला उद्यमनगरात माझा मामेभाऊ बोअरिंग-होनिंगचं काम करतो, ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांची इंजिनं, बिग ब्लॉक त्याने जन्मात पाहिलेला नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाला, "दादा, ब्लॉकला शिव्या नंतर घाल, आधी रॉड-पिस्टन इकडचं तिकडं घालून बघ की." घातलं. एक नंबरचा सेट दोनमध्ये, दोनचा एकमध्ये. फरक जागचा हलला नाही, उजव्या बाजूलाच राहिला. म्हणजे रॉड, पिस्टन, क्रँक सगळे निर्दोष, दोष डेकचा. मला वाटतं त्यांनी मेन आणि कॅम बोअरमध्ये बार घालून डेक क्रँकच्या सेंटरलाइनवरून काढलाच नाही, जुन्याच डेकला लेव्हल धरून दोन्हीकडून सारखं मटेरियल उडवलं. ७० च्या दशकातल्या ट्रकचा ब्लॉक आहे, फॅक्टरीतूनच एक बँक उंच आली असणार, ती तशीच उंच राहिली.

ठरवलं होतं की दुसऱ्या शॉपमध्ये नेऊन उजवी बाजू दहा थाऊ उतरवायची. पण तिथे मोठी रांग आहे, आणि सगळं उघडून, परत धुऊन, तेलाच्या गॅलरीत ब्रश मारून... जिवावर येतं. तसंच बंद करावं तर उजवं हेड दहा थाऊ वर, इनटेकचे पोर्ट आणि बोल्ट दोन्ही तिरके बसणार.

आणि हे टाइप करता करताच डोक्यात आलं. एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांची) गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतात ना! डावीकडे ३६, उजवीकडे २७. डावा क्वेंच २ अधिक ३६, म्हणजे ३८. उजवा १२ अधिक २७, म्हणजे ३९. स्टीलच्या रॉडला मस्त. ११९ सीसीचे चेंबर आणि १८ सीसीचा डोम धरून कॉम्प्रेशन दोन्हीकडे १०.२ च्या आसपास येतंय. आणि खरी मजा पुढे आहे: क्रँकपासून हेडची उंची डावीकडे ९.८१८, उजवीकडे ९.८१९. इनटेकचं भांडणच मिटलं की राव!

अडचण एकच, एमएलएसला डेक आरशासारखा लागतो, ५० आरए (खडबडीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत. नखाने तरी ठीक वाटतोय, पण नखावर अॅल्युमिनियमची हेड्स बसवत नाहीत. ते मोजायचा प्रोफिलोमीटर कुणाकडे उसना मिळतो का बघतोय, न्यू जर्सीत कुणाकडे असेल तर कळवा. रीडिंग ५० च्या वर आलं तर मग गपचूप रांगेत उभं राहायचं, आणि तसं झालंच तर दोन्ही बाजू झीरोला आणून ३९ चं साधं गॅस्केट.

तोपर्यंत हायड्रॉलिक रोलर कॅम डिग्री करून घेतो (क्रँकच्या अंशांवर त्याचं टायमिंग तपासतो), व्हॉल्व्ह-पिस्टनमधली फट मातीचा गोळा ठेवून बघायची क्ले टेस्ट मात्र गॅस्केट ठरल्याशिवाय करण्यात अर्थ नाही. पुशरॉडची ऑर्डरही थांबवलीय, समिट या ऑनलाइन पार्ट्सच्या दुकानाच्या कार्टमध्ये पडून आहे. इकडच्या ड्रॅग स्ट्रिप्सपैकी इंग्लिशटाउन २०१८ ला बंद पडली, अॅटको २०२३ ला, त्यामुळे शव्हेल पहिल्यांदा पळणार ती मेपल ग्रोव्हलाच, आणि यंदाचा सीझन बहुतेक गेलाच. टॉर्क कन्व्हर्टर ३००० आरपीएम स्टॉलचा घेऊ की ३५०० चा, यावर भांडायला आता भरपूर वेळ आहे. मागच्या अॅक्सलचा रेशो ३.७३ आणि गिअरबॉक्स टीएच४०० ऑटोमॅटिक आहे हे लक्षात ठेवून बोला.