तुम्ही विचारलंत म्हणून: टबात होतंय, मग टाकी कशाला?

परभणीत माझं मोटर स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. शेतातली मोटार आपोआप चालू करणारे ऑटो, एक फेज गेला की मोटार बंद करणारे प्रिव्हेंटर, असलं काम. व्होल्टेज चढलं किंवा जवळपास वीज पडली की आतलं कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, जळतं. जुन्या मॉडेलचं कार्ड बाजारात मिळत नाही. बाहेरून करून मागवता येतं, पण हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी आलेला शेतकरी आठ दिवस थांबत नाही. म्हणून एकदोन कार्डं लागली तर मी स्वतःच करतो: तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर टोनरने (लेसर प्रिंटरच्या शाईने) ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या रेषा, उमटवायच्या आणि बाकीचं उघडं तांबं फेरिक क्लोराईडच्या पाण्यात विरघळवायचं. दुकानामागच्या पडवीत उभी असलेली चपटी काचेची टाकी बघून पॉलिटेक्निकची पोरं हमखास विचारतात, "काका, एवढी उठाठेव कशाला करायलात? टबात फेरिक टाकून हलवलं तरी बोर्ड होतोय की."

होतो. महिन्याला एखादा बोर्ड आणि जाड ट्रॅक असतील तर टबच बरा, खुशाल वापरा.

अडचण बारीक ट्रॅकची आहे. साध्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. फेरिक क्लोराईड तो खातं तेव्हा वापरलं गेलेलं पाणी तांब्याला चिकटून बसतं आणि ताज्या पाण्याला आत येऊ देत नाही. टबात बोर्ड आडवा पडतो, हात दुखला की आपण हलवायचं थांबतो, कडा लवकर मोकळ्या होतात आणि मध्ये तांबं तसंच राहतं. ते निघेपर्यंत बोर्ड आत ठेवला की कडेचे ट्रॅक टोनरच्या खालून, बाजूने खाल्ले जातात. वरून ट्रॅक शाबूत दिसतो, टोनर पुसला की केसाएवढा उरलेला. उभ्या टाकीत खालून बुडबुडे चढत राहतात आणि दोन्ही बाजूंचं पाणी सारखं फिरतं ठेवतात.

माझी टाकी माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून करून घेतली आहे. आतून २५ सेंमी रुंद, २५ उंच आणि जाडी फक्त ३ सेंमी. २० सेंमीपर्यंत भरली की दीड लिटर. काच आणि सिलिकॉन, बस. फेरिक काचेला काही करत नाही. ॲक्रिलिकचीही होते, नेमप्लेटवाले क्लोरोफॉर्मने जोडून देतात, पण सांधा नीट बसला नाही तर फेरिक झिरपतं आणि त्याचा तपकिरी डाग फरशीवरून जन्मात जात नाही. धातू मात्र कुठेही नको. स्टील चालेल असं वाटतं, चालत नाही; तेही खाल्लं जातं. बोर्ड नायलॉनच्या दोरीने टांगायचा.

तळाशी प्लास्टिकची बारीक नळी, एक टोक सिलिकॉनने बुजवलेलं, वरच्या अंगाला बोर्डाच्याच ०.८ मिमीच्या ड्रिलने पाडलेली भोकं. दुसरं टोक माशांच्या टाकीच्या हवेच्या पंपाला. इथे एक गोष्ट आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाची: पंप पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवा, किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला. लाईट गेली की हवेचा दाब संपतो आणि फेरिक नळीतून उलटं पंपात उतरतं. लाईट जाणार नाही अशी खात्री परभणीत कोण देतो!

हीटरचं पण विचारतात. हे पाणी ४० अंशांच्या आसपास चांगलं काम करतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं, तेव्हा हीटर कशाला? थंडीत परभणीचा पारा एक आकडी होतो तेव्हा टाकी गरम पाण्याच्या बादलीत उभी करायची. चपटी असल्यामुळे लवकर तापते. माशांच्या टाकीचा काचेचा हीटर मला या कामाला आवडत नाही. त्याचा थर्मोस्टॅट साधारण ३२-३४ अंशांवर थांबतो, आणि पाणी कमी होऊन तो उघडा पडला तर तडकतो.

झाकण हवंच. टाकी वापरात नसतानाही फेरिकची वाफ निघते आणि आसपासचे पक्कड, पाने, ड्रिल सगळं गंजवते. टाकी दुकानात न ठेवता पडवीत आहे ती त्यामुळेच. फेरिकची पूड मिसळताना गॉगल, हातमोजे घाला, आणि पुडीवर पाणी नाही, पाण्यात पूड थोडीथोडी. मिश्रण चांगलंच तापतं.

पण माझ्या लेखी टाकीचा खरा फायदा वेगळाच आहे. टबातलं पाणी माणूस फेकून देतो, टाकीतलं झाकून ठेवतो आणि पुन्हा वापरतो. १० बाय १५ सेंमीच्या बोर्डावर सगळं मिळून पावणेपाच ग्रॅमच्या आसपास तांबं असतं. रिकाम्या जागी तांबं तसंच राखून डिझाईन केलं तर त्यातलं निम्मंही विरघळवावं लागत नाही. असं वापरलं तर दीड लिटर पुष्कळ पुरतं. हिरवट-काळं पडून मंद झालं की समजायचं, संपत आलं.

आणि ते संपल्यावर कुठे टाकता, हे मात्र कोणी विचारत नाही. मोरीत नाही, शोषखड्ड्यात तर नाहीच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात बोअरशेजारी तांबं ओतायचं? एका शेतकरी मित्राने मात्र विचारलं होतं, मोरचूद (तेही तांब्याचंच) आम्ही डाळिंबावर बोर्डो, म्हणजे चुन्यात मिसळून केलेलं बुरशीचं औषध, करून फवारतोच, हे का नको? बोर्डोत मोरचूद आणि चुना मापून असतो. यात लोखंड, आम्ल आणि कुणी न मोजलेलं तांबं. म्हणून नको.

मी ते मोठ्या बादलीत घेऊन धुण्याचा सोडा चिमूटचिमूट घालतो. भरपूर फेस येतो, म्हणून बादली मोठी. पट्टीवर सामू (pH) ८ च्या आसपास आला की थांबतो. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणीही झाडांना न घालता पसरट प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गच्चीवर आटवतो. उन्हाळ्यात त्याला फार दिवस लागत नाहीत. उरलेला गाळ बरणीत, बरणीवर मोठ्या अक्षरात 'विष', आणि बरणी भरली की ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे. त्याचा घातक कचरा अधिकृत गाडीने जातो, त्यात तो ती घेतो.