अराल बघायला मुयनाकला पैसे घालवण्याआधी हे वाचा

आधी निकाल सांगतो, कारणे मागून. उझबेकिस्तानात, आटत गेलेल्या अराल सरोवरापाशी, 'अराल समुद्र दर्शन' म्हणून जी दोन दिवसांची जीप सफर विकली जाते, ती दिलेल्या पैशांच्या लायकीची नाही. कझाकस्तानातला कोक-अरालचा बांध मात्र त्या लायकीचा आहे, आणि तिथे फारसे कोणी फिरकत नाही. पाण्याचे नियोजन, देशादेशांतले सहकार्य, हरित विकास हे सगळे कागदाबाहेर कसे दिसते ते ज्यांना बघायचे आहे, त्यांनी उत्तरेला जावे. ज्यांना वाळूत बसलेल्या गंजक्या जहाजांसमोर उभे राहून फोटो हवेत, त्यांनी मुयनाक या जुन्या बंदराच्या गावी जावे, जहाजे आणि तिथले छोटे संग्रहालय बघावे आणि त्याच संध्याकाळी नुकुस शहरात परतावे.

समरकंद, बुखारा, खिवा छान आहेत. त्यावर ढिगाने लिहून झाले आहे, मी भर घालत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९६० मध्ये अरालचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते. जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर. त्याला पाणी देणाऱ्या नद्या दोनच, आमू दर्या आणि सीर दर्या. सोव्हिएत सरकारने कापसासाठी दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांत वळवले. एकट्या काराकुम कालव्याचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. तो वाळवंटातून हजार किलोमीटरहून लांब जातो आणि त्याला अस्तर नाही, म्हणजे पिकापर्यंत पोचण्याआधीच पाणी वाळूत मुरते. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे नव्याने समजावून सांगायला नको. १९८०च्या दशकाच्या शेवटी सरोवराचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे झाले. पुढे दक्षिणेकडच्या तुकड्याचेही दोन झाले, आणि त्यातला पूर्वेकडचा भाग २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडला. म्हणजे 'दक्षिण अराल' म्हणून आज दाखवतात ती उस्तयुर्त पठाराच्या कड्याखाली उरलेली एक लांबट पट्टी आहे. जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा या पट्टीचा नसतो.

आता पैसे. सौदा डॉलरमध्ये, गाडीमागे होतो. आमचा नुकुसमध्येच झाला. त्यात गाडी, इंधन, जेवण, युर्तमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल घरात, मुक्काम आणि उस्तयुर्तवरून परतीचा रस्ता, सगळे धरले होते. मुयनाक सोडल्यावर 'वाढीव इंधन' निघाले. त्यानंतर 'परवाना' निघाला. परवान्याची पावती मागितली, तशी रक्कम जागच्या जागी निम्मी झाली. पावती शेवटपर्यंत मिळाली नाही. मुक्कामाला पोचलो तर युर्त दुसऱ्या गटाला दिलेले, आमच्या वाट्याला तंबू, आणि तोही जास्तीचे पैसे मोजून. वाळवंटाच्या मध्यावर माणूस घासाघीस करू शकत नाही, हे या लोकांना पक्के ठाऊक आहे. म्हणून सौदा लेखी करा. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता नावानिशी लिहून घ्या, युर्त की तंबू ते लिहून घ्या, आणि निम्मे पैसे नुकुसला परतल्यावरच हातात द्या. जो याला तयार होणार नाही, त्याची गाडी घेऊ नका. गाड्या पुष्कळ आहेत.

आणि तो रस्ता! नुकुस ते मुयनाक सुमारे २०० किलोमीटर, ठीक आहे. मुयनाकच्या पुढे काही अंतर नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात जाणाऱ्या ट्रकांनी केलेली कच्ची सडक मिळते, तीही चालेल. त्यानंतर रस्ता नावाची गोष्ट संपते. पूर्वीच्या समुद्रतळावरून, मिठाच्या पापुद्र्यावरून, जुन्या चाकोऱ्यांतून गाडी आदळत जाते. चाकोरी सोडली की पापुद्रा फुटतो आणि खालची भुकटी इंजिनापासून दातांपर्यंत सगळीकडे शिरते. या धुळीत नुसते मीठ नाही, कापसावर दशकानुदशके फवारलेल्या कीटकनाशकांचे अवशेषही आहेत. गळ्यातला रुमाल इथे पुरत नाही, नीट बसणारा मास्क घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या नुकुसलाच काढून ठेवा. आमच्या गाडीचे एक चाक गेले, आणि काढले तर जादा चाक आधीच पंक्चर. दुसरी गाडी येईपर्यंत उन्हात बसून राहिलो. निघण्यापूर्वी जादा चाके दोन आहेत ना ते स्वतः बघा, हवा स्वतः तपासा, एकट्या गाडीने जाऊ नका. मोबाईलला रेंज नाही. पाऊस झाला असेल तर निघूच नका, तो पापुद्रा चिखल होतो आणि मग ट्रॅक्टरलाही गाडी निघत नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून बाकीचे महिने विसरा.

शेवटी पाणी दिसते. त्याच्या आधी चिखल येतो, पोटरीपर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. पाण्यात क्षार इतके की शरीर आपोआप तरंगते, आणि त्याचीच जाहिरात करतात. अंगावर एक खरचटा असेल तर बाहेर येताना ओरडाल. बाहेर आल्यावर अंग धुवायला गोडे पाणी लागते, ते गाडीत असेल तेवढेच. माणशी दहा लिटर, पिण्याचे वेगळे. मासा या पाण्यात जगत नाही. जगते ती आर्टेमिया नावाची बारीक कोळंबी. तिची अंडी गोळा करून विकली जातात, मत्स्यपालनात खाद्य म्हणून जातात. काठावर राबणारी जी थोडी माणसे दिसली, ती या धंद्यातली.

'हरित' भाग वाटेत दाखवतात. सॅक्सॉल या वाळवंटी झुडपाची लागवड. २०१८ च्या अखेरीपासून सरकारने ती मोठ्या प्रमाणावर घेतली, विमानातूनही बी टाकले, आणि दहा लाख हेक्टरांच्या पुढे लावल्याचा सरकारी आकडा आहे. मी पाहिले त्या पट्ट्यात काही ओळी जोमात होत्या, काही ओळींत नुसते चर. सॅक्सॉल चांगलेच आहे. मुळे खोल जातात, वाळू धरून ठेवतात, धुळीची वादळे मंदावतात, आणि ज्याने ती धूळ खाल्ली आहे तो या कामाला नावे ठेवणार नाही. पण ही लागवड धुळीवरचा इलाज आहे, पाण्यावरचा नव्हे. आमचा वाटाड्या दोन्ही गोष्टी एका दमात सांगत होता, जणू झुडपे वाढली की समुद्र परतेल. त्याच सफरीत जुन्या समुद्रतळावरचे वायूचे मनोरेही दिसतात. त्यांच्याकडे तो बोट दाखवत नाही.

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रदेशासाठी बहुपक्षीय निधी उभारला, २०२१ मध्ये आमसभेने ठराव करून अराल परिसराला पर्यावरणीय नवकल्पना आणि तंत्रज्ञानाचे क्षेत्र ठरवले. छान. पण खरे भांडण नद्यांच्या वरच्या अंगाला आहे. १९९२ मध्ये अल्माटीला मध्य आशियातल्या पाच देशांनी करार केला आणि सोव्हिएत काळातले पाणीवाटप तसेच चालू ठेवले. १९९३ मध्ये अराल वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी आला. किर्गिझस्तानने २०१६ मध्ये त्यातला सहभाग गोठवला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पुढे सीर दर्या होणाऱ्या नारिन नदीवरच्या तोक्तोगुल धरणातून किर्गिझांना हिवाळ्यात पाणी सोडायचे असते, कारण वीज तेव्हा लागते. खालच्या शेतकऱ्यांना ते उन्हाळ्यात हवे असते. कोळसा-वायूच्या बदल्यात उन्हाळी पाणी, असा करार १९९८ मध्ये झाला, पण तो वर्षानुवर्षे रखडतच राहिला. आणि २०२२ पासून अफगाणिस्तान आमू दर्यावरून कोश तेपा कालवा खोदतो आहे, २८५ किलोमीटरचा. अफगाणिस्तान या करारांपैकी कशातच नाही. आमूचे पाणी दक्षिण अरालपर्यंत आजच जेमतेम पोचते. उद्याचे काय ते तुम्हीच बघा.

आता उत्तरेकडची बाजू. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, उझबेकिस्तानसाठी ई-व्हिसा काढा. सीमा ओलांडून शिमकेंतमार्गे रेल्वेने अरालस्क गावी या. स्थानकात एक भित्तिचित्र आहे, १९२१ मध्ये लेनिनच्या मदत मागणाऱ्या पत्रानंतर इथल्या कोळ्यांनी रेल्वेच्या १४ वाघिणी भरून मासे पाठवले त्याचे. गाव उजाड वाटते. गाडी स्थानिक माणसाची घ्या, सौदा इथेही लेखीच. बांधापर्यंतचा रस्ता वाईट आहे, पण तो रस्ता आहे. जाऊन-येऊन अख्खा दिवस धरा, पहाटे निघा.

कोक-अराल हा अरालच्या उत्तरेकडच्या तुकड्याचे पाणी अडवणारा, १३ किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आहे. दिसायला काहीच नाही, आणि मला संपूर्ण प्रवासात सगळ्यात आवडलेली जागा तीच. १९९० च्या दशकात स्थानिकांनी वाळूचा बांध घातला होता, तो १९९९ मध्ये फुटून गेला. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पक्का बांध झाला, २००५ मध्ये पूर्ण. सरोवर भरायला पाच ते दहा वर्षे लागतील असा अंदाज होता, ते काही महिन्यांतच भरले. क्षार उतरले, गोड्या पाण्यातले मासे परतले. त्याआधीच्या वाईट काळात फक्त फ्लाउंडर नावाचा, सोव्हिएत काळात अझोव्ह समुद्रातून आणून सोडलेला चपटा मासा टिकून होता, आणि तो पकडायला डेन्मार्कच्या कोळ्यांनी इथल्या कोळ्यांना मदत केली. सहकार्य म्हणतात ते याला. तेव्हा ना परिषद भरली होती, ना फलक लागले होते.

तरीही डोळे झाकून कौतुक करू नका. हा पाच देशांच्या एकोप्याचा विजय नाही. सीर दर्याचा शेवटचा टप्पा पूर्णपणे कझाकस्तानात आहे, म्हणून एका देशाला कर्ज काढून आपला तुकडा बांध घालून राखता आला. बांधाच्या दाराखालून जादा पाणी दक्षिणेला सोडतात, ते तिकडे वाळवंटात आटते. दक्षिणेसाठी असे काही करायचे तर आमूचे पाणी शेतांमधून काढून घ्यावे लागेल, आणि ते कोणी करणार नाही.

नदीला पाणी असताना, बहुधा वसंतात, दारे उघडी असतात. तेव्हा जा. दारांखाली मासे गोळा होतात, पक्षी तुटून पडतात. दुर्बीण न्या. डासांसाठी मलम न्या. जेवण सोबत बांधा, बांधावर काही मिळत नाही. वारा जबरदस्त असतो, टोपी बंदाची हवी. अंधार पडायच्या आत डांबरी सडकेला लागा, कारण उलट दिशेने येणारे ट्रक दिवे लावतातच असे नाही.