तुम्ही विचारलंत म्हणून : भविष्य सांगत नाही, तर पत्रिका पाहता कशाला?

हा प्रश्न मला सोलापुरात इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर ओळखीतली माणसे पत्रिका घेऊन येतात, मी त्यांच्याबरोबर तासभर बसते, आणि लग्न कधी जमेल, नोकरी कधी लागेल या प्रश्नांना ‘ते मला कळत नाही’ एवढेच सांगते. काहींना हा विनय वाटतो. तो विनय नाही. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिष्यांची चाचणी घेतली, तेव्हा पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या आणि सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढे साधले असते.

तरीही पत्रिका पाहते, त्याचे कारण माझ्याच पत्रिकेत आहे. खरे तर दोन पत्रिकांत. माझा जन्म आषाढातला, घरीच झालेला. वेळ विचारली की आई सांगे, ‘गिरणीचा सातचा भोंगा झाला, त्याच्या आगेमागे.’ पत्रिकेतले ‘लग्न’ म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. ते काढणाऱ्याला हे ‘आगेमागे’ चालत नाही, कारण ही रास साधारण दोन तासांनी बदलते, आणि त्या दिवशी ती नेमकी सातच्या सुमाराला मिथुनेतून कर्केत जात होती. पत्रिकेतली बारा स्थाने, म्हणजे घरे, या लग्नापासून मोजतात. मिथुन लग्न धरले तर माझा रवी पहिल्या स्थानात, तनुस्थानात येतो : चारचौघांत उठून दिसणे, पुढे उभे राहणे, ‘मी’ म्हणणे. कर्क लग्न धरले की तोच रवी बाराव्या, व्ययस्थानात जातो, आणि तिथला विषय खर्चाचा, एकांताचा, सोडून देण्याचा असतो.

फळ्यासमोर उभी होते तोवर पहिली पत्रिकाच मला आपली वाटे. दुसरी घडी करून ठेवलेली होती. निवृत्त झाले त्या श्रावणात, रोज साडेदहा वाजले की मी कारण नसताना घरातल्यांवर खेकसू लागले, आणि विचारले तर काय बिनसले आहे ते सांगता येईना. एका दुपारी दुसरा कागद उलगडला. ‘बारावा रवी’ हे दोन शब्द वाचले आणि कबूल करावे लागले की साठ मुलांनी माझ्याकडे पाहत राहणे ही माझी सवय नव्हती, भूक होती. हे काही रवीने घडवले नाही. पण नुसते ‘मला मोठेपणा हवा आहे’ असे मी स्वतःला कधीच म्हटले नसते. रवीच्या आडून ते म्हणता आले.

मराठी शिकवणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट सुचते. आपल्या भाषेत ‘ग्रह’ म्हणजे आकाशातला गोल आणि ‘ग्रह’ म्हणजे मनाची समजूतही. तुमचा असा ग्रह का झाला, असे आपण सहज विचारतो. आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह हे सगळे त्याच, धरणे या अर्थाच्या धातूतून आलेले. त्यामुळे कोणता ग्रह पीडतो आहे, असे कोणी विचारले की मी तो प्रश्न ‘आपण काय धरून बसलो आहोत’ असा ऐकते. माझ्या अध्यात्माची पोच एवढीच आहे.

आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांतून येणारी कुंडली चौकटींची असते. तीत राशींची घरे ठरलेली, लग्न मात्र ज्याच्या त्याच्या जागी तिरकी रेघ मारून दाखवलेले. आपल्या मराठी कुंडलीत उलटे : लग्न कायम वर मध्यभागी आणि राशींचे आकडे त्याच्याभोवती फिरणारे. एका मांडणीत जग स्थिर आणि आपण कुठेतरी कोपऱ्यात. दुसरीत आपण मध्ये आणि जग भोवती. गणित एकच असते. स्वतःविषयीच फार बोलणाऱ्या माणसाची पत्रिका मी मुद्दाम चौकटीत काढून समोर ठेवते.

या भाषेने केलेले नुकसानही घरात पाहिले आहे. धाकट्या बहिणीला मंगळ निघाला आणि चार स्थळे परत गेली. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात असला की दोष धरतात, म्हणजे बारापैकी पाच घरे. या हिशेबाने दर पाच माणसांत दोघे मंगळाचे निघायचे. हा हिशेब त्या वेळी आमच्यापैकी कोणीच केला नाही, याची मला अजून लाज वाटते. मंगळ हा रागाचा ग्रह मानतात; तिच्या पत्रिकेवरून तिला ‘तुला राग कशाचा येतो’ असे विचारता आले असते.

मध्यंतरी एका परिचितांनी आयुष्यातल्या घटनांवरून माझी जन्मवेळ मिनिटापर्यंत शोधून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटले. दोन्ही कागद कपाटात एकाच घडीत आहेत, आणि अलीकडे उघडते तो बहुधा कर्केचा.