पद्मिनीची वही, भाग १४: सिलमध्ये गुहागरची वाळू

मंडळी, माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पत्र्यावर गंजाचा फुगा कुठून येत होता ते अखेर सापडलं.

मागच्या भागात बॉनेटच्या पॉलिशबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. ते राहू द्या. गेले तीन आठवडे माझा सगळा वेळ डाव्या सिलपाशी, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीपाशी गेलाय. ज्यांच्या गाड्या दर थंडीत घाट उतरून समुद्रावर जातात, त्यांनी गाडीवर कव्हर घालण्याआधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

डाव्या सिलवरचा, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा तो फुगा तुम्हाला आठवत असेल. पहिल्या वेळी घासून, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) लावून, वर रेड ऑक्साइड, लांबी (पुट्टी) आणि रंग असं केलं होतं. दहा महिन्यांत परत आला. दुसऱ्या वेळी लांबीला हात लावला नाही. चकचकीत पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. त्याने दीड वर्ष काढलं आणि मला वाटलं जिंकलो. यंदा मार्गशीर्षात व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो. नेहमीचाच रस्ता, कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. परत आल्यावर पंधराव्या दिवशी सकाळी गाडी पुसताना बोटाला तोच खडबडीत उंचवटा लागला, वाटाण्याएवढा. नखाने दाबला तर रंग पापडासारखा मोडला आणि खालून तपकिरी पाणी आलं. साताऱ्यात पंधरा दिवस पावसाचा थेंब नाही, सकाळी दात वाजतील अशी कोरडी थंडी, आणि पत्र्याखाली पाणी!

आमच्या पत्र्याच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ सिलवर पुढून मागे ठोकत नेली. टण्, टण्, टण्, आणि फुग्यापाशी थप्. म्हणाले, "दादा, ह्ये आतनं सडतंय. भाईरनं सोन्याचा मुलामा दिलासा तरी टिकायचा न्हाई."

मग मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मागवला, साडेआठशे रुपयांचा. जुन्या गाडीवर काम करणाऱ्याकडे पान्ह्यांच्या जोडीला हा असायलाच हवा असं आता माझं ठाम मत आहे. सिलच्या पुढच्या टोकाचं रबरी बूच काढून वायर आत सरकवली. पहिले दोन फूट पत्रा धुळकट पण धड होता. त्यानंतर तळाशी एक काळपट रेघ सुरू झाली, ती मागे मागे जाडच होत गेली. कॅमेऱ्याच्या दिव्यात ती चमकत होती. वाळू होती ती, आणि तीही ओली.

आता ती आत गेली कशी आणि राहिली कशी? चाकाच्या कमानीत सिलचं मागचं टोक झाकणारं बूच केव्हाच गळून पडलंय. गुहागरात आम्ही गाडी सुरूच्या बनात लावतो, चाकं वाळू उडवतात, ती थेट त्या भोकातून आत. बाहेर पडायला सिलच्या तळाच्या शिवणीत निचऱ्याची भोकं असतात. पण २०१६ साली एका गॅरेजात खालून डांबरी अंडरकोटिंग मारून घेतलं होतं, त्यात चारपैकी तीन भोकं बुजली. मारणाऱ्याने आधी टेप लावायला हवी होती, आणि मीही गाडी ताब्यात घेताना खाली वाकून बघायला हवं होतं. जुन्या पत्र्यावर डांबरी कोट मारायच्या मी आता पूर्ण विरोधात आहे. चार-पाच वर्षांत तो कडक होतो, तडकतो, आणि त्या तडीतून पाणी त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये जाऊन बसतं. वरून सगळं काळंभोर, छान दिसत राहतं.

भोकं ड्रिलने नाही उघडली. चार मिलिमीटरचा बिट हातात धरून, चिमटीत फिरवत फिरवत डांबर काढलं. तिसरं भोक मोकळं झालं तशी पहिल्यांदा तपकिरी पाण्याची धार आली आणि मागून वाळूचा लगदा. खाली स्टीलची ताटली धरली होती. दीड वाटी वाळू निघाली, त्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे आणि सुरूची एक काडी. ती ताटली मी अजून टाकलेली नाही.

तीन आठवड्यांनीही वाळू ओली कशी, हे कोडं ताईने सोडवलं. ती हायस्कूलला विज्ञान शिकवते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बहुतेक आपलं खायचं मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती त्यामुळेच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तेहेतीस-एक टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतं. म्हणजे आपल्या जानेवारीतल्या कोरड्या हवेतही आतली वाळू पुरती वाळणारच नव्हती. थंड देशांत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, कुठे कुठे हेच मॅग्नेशियम नाहीतर कॅल्शियम क्लोराइड फवारतात, आणि तिथल्या गाड्यांचेही सिल, कमानी आणि दारांच्या खालच्या कडाच आधी जातात. आपला आजार तोच आहे, म्हणून त्यांचे उपाय आपल्याला लागू पडतात. आणि म्हणूनच माझे कन्व्हर्टर हरले. गंजाच्या खड्ड्यात मिठातलं क्लोराइड शिल्लक असेल तर वर काहीही लावा, खाली काम चालूच राहतं.

तेव्हा मीठ धुऊन काढायचं, हे ठरलं. पण ते गेलं हे कळणार कसं? यावरच माझे चार दिवस गेले आणि यातच या भागाचा खरा आनंद आहे.

ताई म्हणाली, दहावीच्या पोरांना दाखवते तोच प्रयोग कर. पाण्याच्या नमुन्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. क्लोराइड असेल तर पांढरा अवक्षेप येतो. आम्ल आधी घालायचं, नाहीतर पाण्यातल्या कार्बोनेटचाही साका बसतो आणि फसगत होते. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत, तिच्या देखरेखीखालीच करू दिलं. तरीही एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, तो डाग दुसऱ्या दिवशी काळा झाला आणि अजून आहे. हातमोजे घाला.

सिल प्रत्येक वेळी दोन लिटर पाण्याने धुवायचं आणि भोकातून आलेलं पाणी बाटलीत धरायचं, असं चाललं. पहिल्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट पडताक्षणी दह्यासारख्या गुठळ्या. तिसरीत ताक. पाचवीत भाताच्या पेजेची निवळ. सहावी आणि सातवी मात्र अगदी सारखी, धूसरपणा जाईच ना. मी निराश झालो होतो. ताईने विचारलं, "नळाच्या नुसत्या पाण्याची चाचणी केलीस का?" केली नव्हती. केली, तर आमच्या नळाला येणाऱ्या कास तलावाच्या पाण्यातही तोच पुसटसा धूसरपणा! म्हणजे सहाव्या बाटलीतच सिल नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ झालं होतं. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणून दोनदा फिरवलं. नववी बाटली खिडकीपाशी धरली तर पलीकडचा अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर आरपार दिसला. त्या क्षणी जे वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत.

सहज म्हणून आमच्या बोअरचं पाणीही तपासलं, तर ते थेट ताक. आणि मी दहा वर्षं याच पाण्याने गाडी धूत होतो. कोकणातून आल्यावर तर आवर्जून, दोन-दोनदा. बॉनेटवरचे जे पांढरे ठिपके पॉलिशने जात नाहीत म्हणून मी भाग ११ पासून रडतोय, ते कुठून आले हेही कळलं. आता धुणं कासच्या नळाच्या पाण्याने, आणि बोअर फक्त झाडांना.

सिल वाळवायला दोन दुपारी गेल्या. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी लावून हवा मारली, मग हेअर ड्रायर. गंज रोखायला आतून मारायचं लॅनोलिन तयार करून ठेवलं होतं, त्याच संध्याकाळी फवारणार होतो. तेवढ्यात मिस्त्री आले आणि म्हणाले, "आदी येल्डिंग, मग तेल. न्हाईतर पेटंल की ओ आत!" बरोबर होतं. फुग्याच्या जागी आता पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक आहे, तिथला कुजका पत्रा कापून तुकडा बसवायचाय. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सिल हाच तिचा कणा, त्यामुळे तिथे लांबी भरून वेळ मारून नेणं मला मान्य नाही. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा पत्रा वाकडा होतो, म्हणून सीओटू वेल्डिंग करणारे शोधले. रविवार ठरलाय.

लॅनोलिनबद्दल थोडं. ते मेंढीच्या लोकरीतलं मेण. हे वाचल्यावर मला आधी माणदेश आठवला. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांना काय तोटा? म्हसवडकडच्या एका ओळखीच्या धनगरमामांकडून दोन किलो लोकर आणून गरम पाण्यात उकळली. वर तवंग आला तो चमचाभर. आपली लोकर जाड आणि रखरखीत, घोंगडीला उत्तम, पण तिच्यात मेण थोडं. शेवटी औषधी कच्चा माल विकणाऱ्याकडून अर्धा किलो घेतलं. एक भाग लॅनोलिन, तीन भाग टर्पेंटाइन. लॅनोलिन चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, तोही गॅस बंद करून, अंगणात. रबरी बीडिंग आणि बुशांवर हे मिश्रण जाऊ देऊ नका, रबर फुगतं. उन्हाळ्यात पत्रा तापला की ते थोडं वाहील आणि शिवणीत आणखी खोल शिरेल, मला तेच हवंय. डब्ल्यूडी ४० आत मारून निश्चिंत बसणाऱ्यांना एक विनंती, ते पाणी हटवायला चांगलं आहे, पण वर्षभराचं कवच म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

फवारायचं कशाने? डाळिंबवाल्यांच्या फवारणी पंपाचं हॉलो कोन नोझल आणलं, पण त्याचा शंकू पुढेच जातो, सिलच्या भिंती कोरड्या. म्हणून आठ मिलिमीटरच्या पितळी नळीचं टोक झाळून बंद केलं आणि बाजूने गोलाकार एक-एक मिलिमीटरची सहा भोकं पाडली. पाण्याच्या बाटल्या कापून जोडल्या, त्यात नळी घालून मागे ओढत फवारलं. आतून सगळीकडे सारखी पिवळसर साय. बायकोलाही बोलावून दाखवली.

बाहेरच्या रंगाचं थोडक्यात. घाटात उडालेल्या खडीने पुढच्या मडगार्डांवर अकरा टिकल्या उडाल्यात. प्रत्येकीत टूथपिकने एपॉक्सीचा थेंब, वाळल्यावर रंग, मग वॅक्स. वॅक्स चकाकी देतं आणि पाणी ओघळवतं, पण उघड्या टिकलीला ते वाचवत नाही, तेव्हा टिकल्या आधी.

लिहिता लिहिता एक कल्पना सुचली. ठिबकच्या दुकानात मिनी स्प्रिंकलर मिळतात, तसा एक गाडीखाली ठेवून कोकणातून आल्याच्या रात्रीच वीस मिनिटं चालू ठेवला तर? पोट, कमानी, शिवणी, सगळं खालून धुतलं जाईल. पुढच्या वारीच्या आधी करून बघतो. आणि चाकाच्या कमानीतलं ते बूच, दोन्हीकडचं, आजच मागवलंय.

एवढं लिहून झाल्यावर राहवलं नाही म्हणून उजव्या सिलमध्ये कॅमेरा घातला. पत्रा शाबूत आहे, पण मागच्या टोकाला तशीच काळपट रेघ. दोन भोकं मोकळी केली, पहिल्या धुण्याची बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली. ताई सोमवारी शाळेत जाताना घेऊन जाईल.