तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जरा हललं तर काय बिघडतं?’

ईईजीच्या, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे सिग्नल नोंदवण्याच्या खोलीत नातेवाईक विचारतात, मेंदूच्या संशोधनात नव्याने आलेले विद्यार्थीही विचारतात. माणूस जरा हलला तर एवढं काय बिघडतं? नको तो भाग नंतर कॉम्प्युटरवर पुसता येत नाही का? थोडा येतो, बराचसा येत नाही. आणि काही हालचाल अशी असते, की ती पुसलीत तर मेंदूचं कामच पुसलं जातं.

डोक्याच्या कातडीवर मेंदूचा जो सिग्नल मिळतो, तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. कवटी आणि कातडी ओलांडून एवढंच बाहेर पोचतं. पापणी एकदा लवली, की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर (कातडीला चिकटवलेल्या तारेच्या टोकावर) शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टचा उंचवटा सहज उठतो. डोळा हीच मुळात एक छोटी बॅटरी आहे. त्याची पुढची पारदर्शक बाजू मागच्या पडद्याच्या मानाने धन असते. नजर डावीकडे वळली, की डाव्या कानशिलाजवळची तार धन होते आणि उजवीकडची ऋण. जिभेचंही तसंच, टोक मुळाच्या मानाने ऋण. म्हणून रुग्णाला मध्येच ‘लालालाला’ म्हणायला लावतात आणि जिभेची लाट कशी दिसते ते नोंदवून ठेवतात.

स्नायू याहून अवघड. दात आवळले, की कानशिलावरच्या तारांची रेघ दाट काळी होते. स्नायूंचा सिग्नल सुमारे २० हर्ट्झपासून (सेकंदाला २० लाटांपासून) पुढे कितीतरी वर पसरलेला असतो, आणि मेंदूच्या जलद लहरी त्याच पट्ट्यात येतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, स्नायू तात्पुरते लुळे करणारं औषध घेतलेल्या जाग्या माणसांचा ईईजी प्रसिद्ध केला. २५ ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातली शक्ती एरवीपेक्षा १० ते २०० पटींनी कमी भरली. म्हणजे तिथे आपण मेंदू समजून जे मोजतो, त्यात जबड्याचा, कपाळाचा आणि मानेचा वाटा फार मोठा असतो. ठरावीक वेगापुढच्या लाटा गाळणारा वरचा फिल्टर ७० हर्ट्झवरून ३५ वर आणला की रेघ देखणी होते, पण स्नायूची उरलेली टोकं मग मेंदूच्या बीटा नावाच्या जलद लहरींसारखी दिसू लागतात. त्यापेक्षा रुग्णाला ‘तोंड थोडं उघडं ठेवा, दात टेकवू नका’ असं सांगणं केव्हाही चांगलं.

सगळ्यात फसवी हालचाल म्हणजे थोपटणं. आई मांडीवरच्या बाळाला एका लयीत थोपटते. प्रत्येक थापेबरोबर डोकं तसूभर हलतं, तारा हलतात आणि कागदावर अगदी नियमित लाटा उमटतात. फिटच्या झटक्याची नोंद असावी तशा! पार्किन्सनच्या रुग्णाचा कंपही तसाच. तो सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, उशीवर टेकलेलं डोकं त्याबरोबर डोलतं आणि मागच्या तारांवर थीटा लहर, म्हणजे मेंदूची त्याच वेगाची संथ लहर असल्याचा भास होतो. इथे कोणताही फिल्टर कामाचा नाही, कारण लाटेचा वेग मेंदूच्या लहरीइतकाच आहे. उपाय साधा आहे. आईला दहा सेकंद हात थांबवायला सांगायचं. लाट थांबली, तर ती मेंदूची नव्हती. ‘थोपटणं सुरू’, ‘थोपटणं थांबलं’ हे त्याच क्षणी रेकॉर्डवर लिहायचं. ही नोंद नसेल तर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना ते कळायचा मार्ग नाही, आणि बाळाला विनाकारण औषध सुरू होऊ शकतं.

निम्मी लढाई तारा लावतानाच जिंकली जाते. आदल्या रात्री केस धुऊन यायला सांगतो ते याचसाठी. तेलकट कातडीवर पेस्ट धरत नाही, आणि सैल इलेक्ट्रोड श्वासागणिक सरकतो. कातडी घासून प्रत्येक तारेचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणायचा, तारा एकत्र बांधून घ्यायच्या, मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. एक जास्तीची तार डोळ्याखाली लावायची. डोळा हलला तर डोळ्याच्या वरची आणि खालची रेघ एकमेकींच्या उलट जातात. लाट मेंदूच्या पुढच्या भागातली असेल, तर दोन्ही एकाच दिशेने जातात. एवढ्या एका तारेने कितीतरी वाद मिटतात.

कॉम्प्युटर काय करतो? सिग्नलची स्वतंत्र घटकांत फोड करतो, मग पापणीचा घटक ओळखून वजा करता येतो. पापणीच्या बाबतीत हे छान जमतं, कारण ती दर वेळी त्याच जागी, त्याच आकाराची असते. पण घटक जितक्या तारा तितकेच मिळतात, आणि मान तर दर वेळी वेगळी वळते. शिवाय वजा केलेल्या प्रत्येक घटकाबरोबर थोडा मेंदूही जातो.

मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयमध्ये घोळ निराळा. तिथे रक्तातल्या प्राणवायूमुळे होणारा बदल जेमतेम काही टक्क्यांचा असतो आणि मोजायचा ठोकळा, म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा तुकडा, साधारण तीन मिलिमीटरचा. डोकं एक मिलिमीटर सरकलं तरी कडेच्या ठोकळ्यात मेंदूऐवजी त्याच्या भोवतीचं पाणी येतं. चित्रं पुन्हा जुळवता येतात, पण एक चित्र पुरं व्हायला दोनेक सेकंद लागतात. त्या मधल्या वेळात झालेली हालचाल नुसत्या जुळवणीने निघत नाही. २०१२ साली तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की जास्त हलणाऱ्यांच्या मेंदूतल्या लांबच्या भागांमधले जोड कमकुवत आणि जवळच्या भागांमधले घट्ट भासतात. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. तेव्हा ‘वयानुसार मेंदूची जोडणी बदलते’ या निष्कर्षातला काही भाग निव्वळ चुळबुळीचा होता. हे मान्य करून त्या क्षेत्राने आपली जुनी गणितं पुन्हा तपासली, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता न पुसायची हालचाल. २०१० साली कॅलिफोर्नियात उंदरांना हवेवर तरंगत्या थर्मोकोलच्या चेंडूवर धावू दिलं. उंदीर धावत असताना, समोरचं चित्र तेच असूनही, दृष्टीच्या भागातल्या पेशींचा प्रतिसाद दुपटीहून जास्त झाला. २०१९ साली दोन गटांनी पुढचं दाखवलं. मिशा फडफडणं, नाक हलणं अशा बारीक हालचालींचे पडसाद जवळजवळ सगळ्या मेंदूभर उठतात, आणि आजवर ‘गोंगाट’ म्हणून सोडून दिलेल्या चढउतारांचा मोठा भाग त्यांनीच समजावता येतो. म्हणून हालचाल थांबवण्याइतकीच ती मोजणंही गरजेचं आहे. चेहऱ्यावर कॅमेरा हवा, आणि त्याचं घड्याळ ईईजीच्या घड्याळाशी जुळलेलं हवं. ते अर्धा सेकंद मागेपुढे असलं, तर व्हिडिओ असून नसल्यासारखा.

तुमच्याकडून एवढंच हवं. नाक खाजलं तर दाबून धरू नका, कारण दाबून धरताना जबडा आणि मान आवळली जाते. ‘खाजवतो’ म्हणून सांगा. आम्ही वेळ टिपतो, तुम्ही खाजवा, हात खाली घ्या. रेघ शांत व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, मग पुढे सुरू करू.