बार्सिलोनातल्या लायांची मिरवणूक

फेब्रुवारीत बार्सिलोना बरीचशी आपल्या माणसांची होते. पर्यटकांची रेटारेटी ओसरते, किनारा ओस पडतो आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतून कुणाला धक्का न लागता चालता येतं. तूरडाळ, कणीक, हिरव्या मिरच्या असलं सगळं आणायला मी रावाल भागात जाते. तिथे पाकिस्तानी, बांगलादेशी आणि भारतीय दुकानदारांची चांगली वस्ती आहे. त्या संध्याकाळीही पिशवी भरून, रांब्ला ओलांडून फेर्रान रस्त्याला लागले, तर पुढून ढोल वाजत होते. ढोलांच्या वर एक कर्कश, थेट काळजात घुसणारा सूर होता. सनईच! असं वाटून मी पाय उचलले.

सनई नव्हती, पण तिची नात्यातली होती. ‘ग्राया’ म्हणतात तिला. लाकडी नळी आणि तोंडाशी दुहेरी पाती, म्हणजे घडण सनईचीच. सूर मात्र जास्त खडा, उघड्यावर वाजवण्यासाठीच बनलेला.

आणि मग वळणावरून एक मुलगी आली. चेहरा पहिल्या मजल्याच्या बाल्कनीला टेकेल इतकी उंच, एका हातात ताडाची झावळी. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग रांगच. कॅटलान, म्हणजे बार्सिलोनाच्या कॅटलोनिया प्रांतातल्या, गावांच्या जत्रांमध्ये ‘जेगांत्स’ म्हणजे असे महाकाय पुतळे नाचवतात. बार्सिलोनात १४२४ सालच्या कॉर्पस ख्रिस्ती या ख्रिश्चन सणाच्या मिरवणुकीपासून त्यांची नोंद सापडते. एरवी त्यात राजा-राणीच्या जोड्या असतात. इथे मात्र सगळ्या बायका आणि मुली होत्या. बऱ्याच जणींचं नाव एकच, लाया. एउलालियाचं ते लाडाचं रूप.

ही मिरवणूक सांता एउलालियाची, बार्सिलोनाच्या जुन्या रक्षक संत स्त्रीची. तिचा दिवस १२ फेब्रुवारी. आख्यायिका अशी की ती साऱ्यिआ भागात राहून हंसिणी राखायची. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिश्चनांचा छळ चालला होता, तेव्हा ही तेरा वर्षांची पोर थेट अधिकाऱ्यासमोर जाऊन त्याला जाब विचारून आली. वयाच्या वर्षागणिक एक, अशा तेरा यातना तिला दिल्या. काचा आणि खिळे भरलेल्या पिंपात घालून तिला उतारावरून लोटलं, तो उतार म्हणून दाखवतात ती गल्ली आजही तिच्या नावाने आहे, फेर्रान रस्त्यापासून चार पावलांवर. कॅथेड्रलच्या अंगणात तिच्या आठवणीसाठी तेरा पांढऱ्या हंसिणी पाळलेल्या असतात.

इतकी भयंकर कथा, आणि तिचा उत्सव या शहराने मुलांना देऊन टाकला आहे. हे मला फार मोठं वाटतं. एउलालियाला मारणारा मोठ्यांचा कारभार होता. आज तिच्या दिवशी रस्ता मुलांचा असतो.

सांत जाउमे चौकात, म्हणजे नगरपालिका आणि कॅटलान सरकारचा वाडा समोरासमोर उभे आहेत तिथे, मिरवणूक थांबली. माझ्या अगदी पुढ्यात एक लाया खाली टेकवली. आत लाकडी सांगाडा असतो, चार पायांचा, त्यामुळे ती आपली आपण उभी राहते. घागऱ्याचा काठ उचलला गेला आणि आतून घामाने निथळणारी एक तरुणी बाहेर आली. पायात धावायचे बूट, कमरेला गच्च पट्टा. घागऱ्यावर पुढे जाळीचं एक छोटं भोक असतं, तेवढ्यातून तिला रस्ता दिसतो. दुसरीने खांदे आत घातले, गुडघे वाकवले आणि एका दमात सगळं वजन उचललं. ग्रायांनी चाल धरली. लाया गिरकी घेऊ लागली तसे तिचे मोकळे सोडलेले हात हवेत लांब पसरले आणि भोवतालची गर्दी हसत मागे सरली.

मोठ्यांच्या मागे मुलांच्या बेताचे छोटे पुतळे होते. शेजारच्या आजींनी नातीला त्यातल्या एकापाशी नेलं. पोरगी पुतळ्याच्या पोटातल्या जाळीत डोकावून आतल्या मुलाशी बोलत होती. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून आजी म्हणाल्या, “खाली ठेवा हो, अजून बराच वेळ चालेल.” मी ठेवली.

त्यांनीच मग पुढची गोष्ट सांगितली. टोळधाड आली तेव्हा, १६८७ साली, शहराने मेर्सेला, म्हणजे मेरीमातेच्या एका रूपाला, साकडं घातलं आणि पुढे तीच मुख्य रक्षक झाली. एउलालियाचा मान दुय्यम झाला. सप्टेंबरात मेर्सेच्या मोठ्या उत्सवात हमखास पाऊस पडतो, त्याला इथले लोक एउलालियाचे अश्रू म्हणतात. सांगताना आजींचा सूर असा की अन्याय कालच झाला असावा.

मेर्सेचा उत्सव भव्य असतो. आतषबाजी, मानवी मनोरे, लाखोंची गर्दी, सगळं त्यात आहे. पण मला कुणी विचारलं तर मी फेब्रुवारीतच यायला सांगेन. १२ तारखेच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा, नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मिरवणुकांच्या वेळा बघून ठेवा आणि फेर्रान रस्त्याच्या सांत जाउमेकडच्या टोकाला उभे राहा. तिथे रस्ता चौकात उघडतो, त्यामुळे पुतळे येतानाही दिसतात आणि नाचतानाही. सोबत मूल असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. तिथे कुणी अडवत नाही.